दोन दाण्यांचं घुंगरू

हुपरी
९ जानेवारी २०२५

जोतीराम,

चिरंजीव लिहायला हात गेला होता, पण तूही आता साठीच्या पार गेलास. तरी धाकटा तो धाकटाच. आशीर्वाद आधी घे, मग रागव. फोन तू उचलत नाहीस. फोन बिचारा वाजून वाजून गप होतो; पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. तेवढ्या आशेवर लिहितोय. तुझा सेलमचा पत्ता विठानं कुणाकडून मिळवला ते विचारू नकोस. तुझी वहिनी मलाही सांगत नाही.

कामाचं सांगतो. काल कुरुंदवाडचा एक गडी जुन्या चांदीची मोड घेऊन आला. यशराज नाव, दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर आहे. आईचे जुने पैंजण आटवून त्याच चांदीचे लेकीला घुंगराचे वाळे करून पाहिजेत. लेक दहा महिन्यांची, धरून उभी राहते. "पोरगी चालायच्या आत द्या, आईचा हट्ट हाय," म्हणाला. आपलं रोजचंच काम. मी रुमालाची गाठ सोडली आणि पैंजण ताटलीत टाकले.

जोतीराम, ते वाजले.

पहिल्यांदा कडक, आणि त्याच्या पाठोपाठ मऊ, जसं मोठ्या माणसाच्या मागं पोर धावत यावं. एका घुंगरात दोन आवाज. माझ्या हातातली बशी कलली आणि चहा धोतरावर सांडला, तो कळायलाही वेळ लागला.

तू विसरला नसशील. सगळी हुपरी घुंगरात एक छर्रा घालते. तू दोन दाणे घालायचास: एक पोलादाचा छर्रा आणि एक राळ्याएवढा चांदीचा दाणा. आण्णा बापाच्या अधिकारानं म्हणायचे, "बाजारात कान घिऊन कोण येतंय रं जोत्या? गिऱ्हाईक डोळं घिऊन येतंय." तरी तू घालायचास. पण ज्या जोडाची तार ओढण्यापासून झाळ देऊन कड्या सांधेपर्यंत सगळं काम तुझ्या एकट्याचं, त्यालाच. असे जोड किती झाले असतील? वीस? पंचवीस?

एकतीस वर्षं मी मोड आटवतोय आणि प्रत्येक पुडी ताटलीत टाकताना कान लावतोय. पोत्यांनी चांदी माझ्या हाताखालून गेली. तुझा जोड एकदाही आला नाही. हा पहिला.

यशराजला म्हटलं, "हे आत्ता आटवता येणार न्हाई."

"का वो? खोट हाय व्हय चांदीत?"

"चांदीत न्हाई." मी पैंजण परत रुमालात बांधले. "करणाऱ्याला इचारावं लागंल."

"बाबा, चाळीस वर्साचं पैंजण हाय. करणारा हाय तरी का अजून?"

"हाय," म्हटलं. "सेलमला हाय."

तर विचारतोय. तुझा एक जोड माझ्या हातनं भट्टीवरच्या मुशीत गेला, चुकून गेला, आणि त्यापायी मी भाऊ गमावला. दुसरा तुला विचारल्याशिवाय मुशीत घालणार नाही. आटवू का ठेवू? एवढंच कळव.

तुझा दादा
पिराजी


हुपरी
२१ जानेवारी २०२५

जोतीराम,

उत्तर नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की मी उगाच अंगणात जाऊन तुळशीची पानं मोजतो. विठा म्हणते, "त्यो काय तुमच्या लेखणीवर भाळून येणार हाय व्हय?" भाळायला लेखणी तरी कुठली? तुला माहीतच आहे, शाळा माझी तिसरीपर्यंत. पुढचं वाचायला शिकलो ते पैंजण गुंडाळायच्या रद्दी पेपरांवर. त्यामुळं अजूनही बातमी अर्ध्यावर तुटली की मला बरं वाटतं, सवयीचं वाटतं.

पैंजण मी रोज बघतो. दुपारी पाट खिडकीशी ओढतो आणि भिंग लावतो. बाहेरच्या बाजूला तुझी आंब्याच्या कोयरीची नक्षी होती ना, ती आता ओढ्यातल्या गोट्यावर पाण्याची रेघ उमटते तेवढीच राहिली आहे. बोट फिरवलं तर कळते, डोळ्याला दिसत नाही. आतल्या बाजूच्या कड्या झिजून दोऱ्यासारख्या झाल्यात. पण तुटलेली एक नाही! झाळ दिलेली जागा कड्यांपेक्षा जाड उरली आहे. म्हणजे चांदी गेली, तुझा सांधा राहिला. हे बघून मी भिंग खाली ठेवलं आणि हात जोडले. कुणाला जोडले, मलाच ठाऊक नाही.

आणखी एक गंमत. उजव्या पायातलं पैंजण डाव्यापेक्षा जास्त झिजलंय, आणि तेही एकाच अंगाला. कुणीतरी रोज, वर्षानुवर्षं, उजव्या पायावर भार देऊन उकिडवं बसत होतं. स्वयंपाकाला म्हणावं तर बाई पाटावर बसते. धुण्याला म्हणावं तर दोन्ही पाय सारखे झिजले असते. कोण ही बाई? आपण पैंजण करतो, दुकानदाराला देतो, आणि हात धुतो. पुढं ते कुणाच्या पायात गेलं, त्या पायानं काय काय केलं, हे इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. वाटलं, जाऊन बघावं.

तुला वाटेल म्हातारा तेच उगाळतोय, पण त्या दसऱ्याच्या सकाळचं एकदा कागदावर मांडतो. खंडेनवमीचा आपल्या घरचा रिवाज: हत्यारं पाटावर मांडायची आणि वर्षात घरात जे सगळ्यात चांगलं काम झालं, ते त्यांच्यापुढं पांढऱ्या फडक्यात ठेवायचं. त्र्याण्णव साली तुझे पैंजण होते. पाच महिने खपला होतास. आण्णांनी सगळ्या कारागिरांसमोर ते उचलून वाजवले आणि म्हणाले, "ह्या घराचा हात आता धाकट्याकडं गेला." मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टी मी पेटवली. मोडीची पुरचुंडीही पांढऱ्याच फडक्यात होती, समई विझलेली, खोलीत अंधार. चुकीची उचलली. एवढंच झालं. चार दिवसांनी तू गेलास, आणि वर्षभरात आण्णाही गेले.

लिहून झालं. वाचून बघितलं. बरोबर लिहिलंय.

तू तिकडं मशीनवर साखळ्या पाडतोस असं ऐकतो. हातानं एकही जोड पुन्हा केला नाहीस, असंही ऐकतो. ते खरं नसावं असं वाटतं.

दादा


हुपरी
२ फेब्रुवारी २०२५

जोतीराम,

अजून तुझं उत्तर नाही, पण आज मला राहवत नाही. काल कुरुंदवाडला जाऊन आलो. एसटीतून उतरलो तेव्हा एक माणूस होतो, परत आलो तेव्हा दुसरा.

बाईचं नाव बायडाबाई. साठीच्या आसपास, उंच, आणि आवाज असा की कौलावरची कबुतरं उडावीत. मी दारात उभा, तर म्हणाली, "या पावणं. यशराज म्हणत हुता, हुपरीचा आटणीवाला येडा हाय, पैंजण घिऊन बसलाय. तुमीच का त्यो?"

"मीच," म्हटलं.

"मग बसा की. येड्या माणसाला च्या चालतोय का दूध?"

सोप्यात नात होती. खांबाला धरून उभी, ढुंगणावर आपटायची, पुन्हा उभी. मी पाणी प्यालो आणि मनातलं विचारून टाकलं. "बाई, तुमी उजव्या पायावर भार दिऊन उकिडवं बसायचा व्हय?"

तिनं पदर सावरला. "धार काढताना बसायची. तुमाला कुणी सांगितलं?"

"पैंजणानं."

तेव्हा कुठं तिनं मला नीट बघितलं, आणि समोर बसून सांगायला लागली. तिच्याच शब्दांत लिहितो, कारण माझ्यानं तसं सांगणं होणार नाही.

"चौऱ्याऐंशी साली लगीन झालं. आईनं हुपरीत जाऊन हे पैंजण घेतलं. सासरी आले तर गोठ्यात एक म्हस, काजळी. लई खट. सासूला लाथ, सासऱ्याला शिंग. म्या गोठ्यात पाऊल टाकलं, पैंजण वाजलं, आनि तिनं मान वळवून बघितलं. खाली बसले न बसले तोवर पान्हा सोडला की! सासू म्हणाली, पोरीच्या हाताला गुण हाय. हाताला कुठला वो? पायाला हुता. तवापास्नं पैंजणाशिवाय धार न्हाई. काजळीची रेडी पोटात असल्यापास्नं त्यो आवाज ऐकत आली, तिची रेडी बी तशीच. चार पिढ्या झाल्या."

"दोन हजार दोन साली धनी गेलं. बायकांनी बांगड्या फोडल्या, डोरलं काढलं, पैंजण बी काढलं. दुसऱ्या दिवशी म्हशींनी दूध चोरलं. सड दगडावानी. डॉक्टर आला, सुई मारून गेला, वाटीभर उतरलं. चार दीस असं. घर सगळं दुधावर, पदरात दोन लेकरं. पाचव्या दिवशी पेटी उघडली, पैंजण घातलं आनि गोठ्यात गेले. मी दिसायच्या आदी हंबरल्या बघा दोगी."

"आणि गल्ली काय म्हणाली?" मी विचारलं.

"गल्ली काय म्हणणार? कपाळ मोकळं आनि पाय वाजत्यात, कुणासाठी? म्या चौकात हुबी ऱ्हाऊन सांगितलं, म्हशीसाठी! ज्येला तरास हाय त्येनं येऊन माझ्या म्हशी पिळाव्यात. कोण आलं न्हाई. आता गावोगाव ठराव करत्यात, इधवंच्या बांगड्या फोडू नयेत म्हणून. चांगलं हाय. माझा ठराव म्हशींनी वीस वर्सं आदीच केलता."

ती हसली, मी हसलो, नात आपली आपटली आणि तीही हसली.

पण पुढचं ऐक. एकोणीसच्या महापुरात पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा दावी कापून जनावरं सोडून दिली, आणि माणसांना नावेतनं नेलं. आठ दिवसांनी उंचावरच्या एका माळावर वाचलेली जनावरं गोळा केली होती. शेकड्यांनी. सगळी चिखलानं एका रंगाची झालेली, कुणाची कुठली मालकांना ओळखेना, लोक रडत फिरत होते. "म्या कुणाला हाक मारली न्हाई," बाई म्हणाली. "नुस्ती चालत गेले, ह्या टोकापास्नं त्या टोकापतोर, पाय जरा आपटत. तीन ठिकाणास्नं हंबरडा आला. तिन्ही माझ्या."

जोतीराम, शेकडो जनावरांच्या त्या गलक्यात तीन म्हशींनी काय ऐकलं? पोलादाचा छर्रा सगळ्यांच्याच पैंजणात असतो. त्यांनी ऐकला तो तुझा राळ्याएवढा चांदीचा दाणा. बाजारात कान घेऊन कोण येतंय, असं आण्णा म्हणायचे. कान गोठ्यात होते!

आणखी पुढं आहे. बाईचे गुडघे गेले, म्हणून गेल्या साली शेवटची म्हैस शिरढोणच्या एका पाहुण्याला दिली. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन. "मावशी, म्हस दिलीसा, तिचं पैंजण कुठं हाय?" मग यशराजनं मोबाइलमध्ये आवाज भरून घेतला. बाई अंगणात चालतेय आणि हा तिच्या पायामागं मोबाइल धरून रांगतोय, बघायला अर्धी गल्ली. आता तो पाहुणा सकाळ-संध्याकाळ गोठ्यात मोबाइल लावतो, आणि म्हैस पान्हा सोडते. माझा विश्वास बसेना, म्हणून बाईनं संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं आणि धारेच्या वेळी त्याला फोन लावला. स्पीकरवर आधी पैंजण वाजलं. दोन्ही आवाज. आणि मग बादलीत धार पडल्याचा आवाज. तू सेलमला, मी कुरुंदवाडला, पैंजण हुपरीला माझ्या पेटीत. आणि तुझं काम शिरढोणच्या गोठ्यात चालू होतं.

मी म्हटलं, "बाई, असली वस्तू आटवायची कशी? ठेवूया की जपून."

ती रागावलीच. "पेटीत ठिऊन काय करू? पेटीतलं पैंजण म्हंजे मुकं. पायात असंल तवर पैंजण, न्हाईतर नुस्ती चांदी. माझं पाय झालं, आता हिचं हायत." नातीकडं बोट केलं. "चालायला शिकत्या. तिला कायतरी वाजायला नको? करणाऱ्याला इचारायचं तर इचारा, पर पोरगी चालायच्या आत सांग म्हणावं त्याला."

मला वाटायचं, चांदी मुशीत गेली की काम संपलं. नाहीतर विकलं गेलं तेव्हा संपलं. आपली हद्द दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत. आणि उंबऱ्यापलीकडं हे सगळं चाललेलं असतं! तुझे बाकीचे वीस-पंचवीस जोड आजवर माझ्या ताटलीत आले नाहीत. म्हणजे ते कुठल्या कुठल्या गावात, कुठल्या पायांत वाजत असतील? कोण कोण त्यांना ओळखून मान वळवत असेल?

आणि एक त्या दसऱ्याचा. तोही असाच कुठंतरी गेला असता. सकाळचं ऊन खिडकीतून सरळ मुशीवर पडलं होतं, त्यात ती चांदी

असो. बाई वाट बघतेय. कळव.

दादा


हुपरी
१४ फेब्रुवारी २०२५

जोतीराम,

काल दुकानाच्या मोबाइलवर तुझा निरोप आला. "हात लावू नको. येतोय." चारच शब्द, पण मी ते सोळा वेळा वाचले. विठानं लगेच चकलीची भाजणी दळायला टाकली. दसरा नाही, दिवाळी नाही, म्हटलं चकली कशाला? म्हणाली, "तुमाला काय कळतंय? भावजींला लागत्यात."

मिरजेला गाडी बदल आणि हातकणंगल्याला उतर. मी फलाटावर असेन. ओळखायला त्रास होईल म्हणून सांगतो, केस गेलेत आणि डाव्या खांद्यानं वाकलोय.

आनंद झालाय हे खरं. त्याच्याखाली एक भीतीही आहे, तीही लिहून ठेवतो. कसली ते समोर बसून सांगेन.

दादा


हुपरी, आपलंच घर
२७ फेब्रुवारी २०२५

जोतीराम,

तू पलीकडच्या खोलीत पाटावर बसलायस. मधे एक भिंत आणि एक पडदा. तुझ्या चिमट्याचा आवाज मला ऐकू येतो, आणि मी इथं बसून तुला पत्र लिहितोय. विठानं बघितलं तर माझी धडगत नाही.

तोंडानं सांगायचं चार दिवस बघितलं. पहिल्या दिवशी फलाटावरच सांगणार होतो, तर तू म्हणालास, "दादा, खरंच केस गेलं की रं!" आणि ते हसण्यात गेलं. मग तू पैंजण हातात घेतलेस. भिंग लावून तासभर बघत बसलास. विठा म्हणाली, "भावजी, त्यात काय लिवलंय व्हय?" तू म्हणालास, "वहिनी, हे मी केल्यालं न्हाई." एवढा कान लावून मी चुकलो? मग तू दुसरं वाक्य बोललास. "मी केलं तवा एवढं चांगलं नव्हतं."

इतकी वर्षं मी हे काम केलं, पण असं काही बोलायची माझी ताकद नाही. ती तुझीच. आण्णा बरोबर होते.

काल तू एकटाच कुरुंदवाडला जाऊन आलास. काय बोलणं झालं, सांगितलं नाहीस. आल्या आल्या नव्या घुंगरांसाठी चांदीचा पत्रा मागितलास. एकतीस वर्षांनी हातानं घुंगरू करायला बसलास, तर चांदीचा दाणा तीनदा खाली पडला. विठा झाडू घेऊन उभीच. "भावजी, सेलमचं मशीन दाणं येचून बी देतंय काय?" तू हसलास, आणि चौथ्यांदा दाणा बसला. घुंगरू मिटवून तू कानाजवळ नेऊन हलवलंस. दोन्ही आवाज आले. मी दारातून बघत होतो. तुझा चेहरा वीस वर्षांच्या पोराचा झाला होता.

आज दुपारी जेवताना म्हणालास, "आटवूया दादा. बाई म्हणती ते बरोबर हाय. मूस तू धर. चूक कुणाच्या हातनं होत न्हाई?"

तिथं मी घास खाली ठेवला. तू बघितलंस.

चूक झाली नव्हती, जोतीराम.

समई विझली नव्हती. अंधार नव्हता, ऊन आलं होतं. फडकी दोन्ही पांढरी होती हे खरं, पण मोडीच्या फडक्याला गाठ होती आणि तुझं नुसतं दुमडलेलं. मी तुझं उचललं तेव्हा आत वाजलं. दोन्ही आवाज मी ऐकले. मूस तापून लाल झाली होती, तरी परत पाटावर ठेवायला भरपूर वेळ होता. मी ते हातात धरून उभा राहिलो. तुझ्या आधी आठ वर्षं मी त्या पाटावर बसत होतो. तुला झाळ द्यायला मी शिकवलं. आणि आण्णांनी चार लोकांत सांगितलं, हात धाकट्याकडं गेला. आनंद झाला असं तुला लिहिलं, ते खोटं.

मी हात उलटा केला.

घुंगरं एकेक करून बसत गेली. चांदीचा आरसा झाला आणि त्यात माझं तोंड दिसलं. मग मी ओरडलो, "अरे देवा, काय झालं हे!" ते ओरडणं घरानं ऐकलं, गल्लीनं ऐकलं. सगळ्यांनी मलाच पाणी दिलं, मलाच धीर दिला. आण्णा मरताना म्हणाले, "पिराजी, मनाला लावून घिऊ नगंस." ते मी एकतीस वर्षं अंगावर वागवलं.

ताटलीला कान का लावत होतो, हे पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. वाटायचं, तुझा एक जरी जोड सापडला आणि मी तो वाचवला, तर छातीवरचा दगड थोडा सरकेल. पण ते पैंजण वाचवायची गरजच नव्हती. ते आपल्या पायानं जगून आलं होतं. मी मारलेलं मात्र एक पाऊलसुद्धा चाललं नाही. कुठली पोरगी, कुठला गोठा, कुठला माळ त्याच्या वाट्याला होता, ते आता कुणालाच कळणार नाही. कुरुंदवाडहून येताना एसटीत मला रडू आलं ते ह्याच्यासाठी.

हे वाचून तू आजची गाडी धरलीस, तर मी अडवणार नाही. वाळे तेवढे करून जा, पोरीचा दोष नाही. आणि मूस माझ्या हातात देऊ नकोस.

कागद तुझ्या चहाच्या बशीखाली ठेवतोय. मी मागं अंगणात आहे.

पिराजी


(त्याच कागदाच्या पाठीमागं, दुसऱ्या अक्षरात)

दादा,

मराठी लिहायची सवय मोडली आहे. चुकलं तर सावरून वाच.

त्या सकाळी तू ओरडलास ते मी ऐकलं. पण त्याच्या आधीचंही ऐकलं. मी दारात उभा होतो. तू फडकं उचललंस, ते वाजलं, तू थांबलास. मीही श्वास धरून थांबलो. मी नुसतं "दादा" म्हटलं असतं तरी तुझा हात मागं आला असता. मी म्हटलं नाही. आण्णा बोलल्यापासनं तू माझ्याकडं बघत नव्हतास, आणि मला बघायचं होतं, माझा भाऊ आता काय करतो. पाच महिन्यांचं काम मी तुझी परीक्षा घ्यायला जाऊ दिलं. मग तू ओरडायच्या आत मागं सरलो, आणि सगळ्यांबरोबर धावत आत आलो.

पुढं मी गेल्यावर, भाऊ घालवलास म्हणून गल्ली तुला बोलली, तेही मी बोलू दिलं. फोन उचलत नव्हतो तो रागानं नाही. राग असता तर उचलून शिव्या दिल्या असत्या.

जेवताना चूक म्हणालो ती कुणाची, हे मलाही नीट सांगता आलं नसतं. तू घास ठेवलास तेव्हा वाटलं, तुला माझंच कळलं.

कुरुंदवाडला बाईनं मला विचारलं, एवढा हात असून काम का सोडलं? मी म्हटलं, एक जोड जळाला. ती म्हणाली, "मग? म्हस मेली म्हणून धार काढायची सोडतंय व्हय कोण?" येताना दाणे वळायची चांदी घेऊनच आलो.

आत्ता तिचा फोन आला होता. पोरीनं खांब सोडला. दोन पावलं टाकली आणि बसली. आता फार दिवस नाहीत.

भट्टी पेटवली आहे. आत ये. मूस तूच धर. पैंजण मी माझ्या हातानं सोडतो.

जोत्या